अमळनेरची तेलगिरणी आणि आपली मुले

अझीम प्रेमजी हे नाव आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास निघते. दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात प्रमुख पाहुणे मुलांना सांगतात, ‘आपल्यातही एक प्रेमजी आहेत, त्यांच्याकडे बघा.’ आणि चहाच्या टपरीवरच्या वादात कुणीतरी म्हणते, ‘मुसलमानांना अडवलंय कुणी? प्रेमजी झालेच ना मोठे!’ पहिल्या वाक्यात अभिमान आहे, दुसऱ्यात टोमणा. पण दोघांच्या डोळ्यांसमोर असतो तो एकटा मालक. त्या मालकाच्या कंपनीत आज दोन लाखांहून अधिक माणसे काम करतात. ते काम कसे असते, ते कुठून आले, तिथे शिरण्याची वाट कोणती आणि ती आपल्या किती मुलांसाठी खुली आहे, हे प्रश्न दोन्ही वाक्यांत येत नाहीत.

आपली मुले मालक होणार नाहीत, झालीच तर एखाद-दुसरे. हजारो मुले-मुली मात्र या कंपन्यांत नोकरी करतील, करत आहेत. म्हणून ही गोष्ट नोकराच्या बाजूने सांगायला हवी. तिची सुरुवात मात्र महाराष्ट्रातल्या एका तेलगिरणीपासूनच करावी लागते.

खानदेशातली गिरणी

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी काढली. कारखाना जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला. प्रेमजी गुजराती व्यापारी घराण्यातले, तांदळाच्या व्यवहारात मुरलेले. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप तयार करायचे आणि त्याच्या जोडीने निघणाऱ्या मालातून कपडे धुण्याचा साबण काढायचा, असा हा धंदा. आसपास भुईमूग पिकवणारा मुलूख आणि गावातून जाणारी सुरत-भुसावळ रेल्वे, म्हणून अमळनेर सोयीचे. हे गाव तेव्हाही आडगाव नव्हते. प्रताप शेठजींची कापडगिरणी होती, तत्त्वज्ञान मंदिर होते. साने गुरुजी याच गावच्या शाळेत शिक्षक होते. गिरणीचा भोंगा आणि शाळेची घंटा दोन्ही इथल्या माणसांच्या कानांना सवयीची होती.

तारीख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच डिसेंबरात केंद्रीय विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या आणि मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी राखीव असलेल्या सगळ्या जागा जिंकल्या. देशाच्या वाटणीची भाषा उघडपणे सुरू होती. अशा वेळी एक मुस्लिम व्यापारी खानदेशात जमीन घेऊन यंत्रे बसवत होता. पुढे जिनांनी त्यांना पाकिस्तानात येण्याचे निमंत्रण दिले होते, असे सांगितले जाते. ते गेले नाहीत. फाळणीनंतर इथल्या मुसलमानाला ‘तू राहिलास का?’ असे विचारणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. अमळनेरच्या गिरणीने त्याचे उत्तर प्रश्न येण्याआधीच देऊन ठेवले होते.

या गिरणीत काम करणारे गावचे आणि पंचक्रोशीतले. पाळी, हजेरी, भट्टीची उष्णता आणि अंगाला मुरलेला तेलाचा वास. पुढच्या काळात अमळनेरमधल्या अनेक शेतकरी-दुकानदार कुटुंबांनी कंपनीचे शेअर घेतले आणि जपून ठेवले. बोनस शेअर आणि विभाजनाने त्यांचे मोल इतके वाढले की ‘करोडपतींचे गाव’ म्हणून अमळनेरची बातमी होऊ लागली. ती बातमी खरी आहे. पण गिरणीत घाम गाळणाऱ्या सगळ्यांकडे शेअर नव्हते, हेही तितकेच खरे आहे. भागधारक आणि कामगार यांच्यातले हे अंतर पुढच्या गोष्टीतही दिसते.

तेलाकडून यंत्राकडे

ऑगस्ट १९६६ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी वारले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परतला. राहिलेली पदवी त्याने कित्येक वर्षांनी पूर्ण केली. पहिल्याच सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने त्याला सुनावले होते, की या पोरवयात कंपनी चालवणे तुला झेपणार नाही, हिस्सा विकून मोकळा हो. ही हकिकत अनेकांनी लिहिली आहे. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. आपल्याकडच्या भाषणांत मात्र त्याचे श्रेय जिद्दीला दिले जाते. मला त्याहून मोठी वाटते ती एक कोरडी गोष्ट. या तरुणाने व्यवस्थापन शिकलेली माणसे बाहेरून नेमायला सुरुवात केली. जातभाई, नातलग, विश्वासू मुनीम या साखळीने चालणाऱ्या पेढीची ‘कंपनी’ होते ती इथे. मुस्लिम व्यापारी घराण्यांपैकी फार थोड्यांनी हे पाऊल उचलले. ज्यांनी उचलले नाही, त्यांच्या पेढ्या एका-दोन पिढ्यांत भावाभावांच्या वाटणीत संपल्या.

दुसरे वळण राजकारणाने दिले. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. परकीय कंपन्यांनी भारतातली आपली मालकी कमी करावी, या कायद्याची अंमलबजावणी उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी नेटाने केली. आयबीएमने अट मानण्याऐवजी १९७८ पर्यंत गाशा गुंडाळला. देशात संगणक लागत होते आणि ते पुरवणारी सर्वांत मोठी कंपनी निघून गेली होती. त्या मोकळ्या जागेत ज्या देशी कंपन्या शिरल्या, त्यांत ही तेलाची कंपनीही होती. १९७७ मध्ये तिचे नाव ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाले आणि १९८० च्या सुमारास तिने बंगळुरूत संगणकाचे काम सुरू केले. तेल-साबण विकणाऱ्यांनी संगणक बांधावा, याचे त्या वेळी अनेकांना हसू आले असेल. पण संतूर साबण आणि मिनीकॉम्प्युटर एकाच कंपनीच्या पत्त्यावरून निघत होते, हे ऐंशीच्या दशकातले वास्तव आहे.

या काळात तिथे नोकरी म्हणजे यंत्र घडवण्याचे काम होते. अभियंत्याच्या टेबलावर सर्किट बोर्ड आणि डाग देण्याची बंदूक असे. विकलेला संगणक बंद पडला की दुरुस्तीवाला इंजिनीअर पेटी घेऊन रेल्वेने त्या गावाला जाई. माणसे थोडी, ओळखी पक्क्या, कामाचा शेवट डोळ्यांना दिसणारा. १९९१ नंतर आयात खुली झाली, परदेशी बनावटीचे संगणक स्वस्तात येऊ लागले आणि देशी यंत्रांचा बाजार आटला. हाताशी राहिले ते यंत्र बांधता येणारे अभियंते. विप्रोने त्यांचे कसब परदेशी कंपन्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. पूर्वी मालाची पेटी विकली जात होती, आता माणसाचे तास विकले जाऊ लागले. आज आपण ज्याला ‘आयटी कंपनीतली नोकरी’ म्हणतो, तिचा पाया हा आहे.

तासांचा व्यापार

हा व्यापार विप्रोने शोधला नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. १९८१ मध्ये पाटणी कंपनीतून बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली आणि दोन वर्षांनी ती बंगळुरूला नेली. सुरुवातीचा धंदा सरळ होता. परदेशी ग्राहकाला प्रोग्रामर हवा असेल तर त्याला विमानात बसवून तिकडे पाठवायचे. धंद्यातले लोकच याला ‘बॉडी शॉपिंग’ म्हणत. शब्द कानाला खटकतो, पण त्यात काही लपवलेले नाही.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या जोडणीने इथे लिहिलेला प्रोग्राम थेट अमेरिकेला जाऊ लागला. १९९१ मध्ये सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची यंत्रणा उभी केली. करसवलत आणि उपग्रह जोडणी एका छपराखाली मिळू लागली. माणूस इथे, काम तिकडचे, असा नवा प्रकार रुळला. भारतातली संध्याकाळ म्हणजे अमेरिकेतली सकाळ. ग्राहक झोपेल तेव्हा इथे काम व्हायचे आणि तो उठेल तेव्हा त्याच्याशी बोलायला इथल्याने जागे राहायचे.

मग वर्ष २००० चे संकट आले. जुन्या प्रोग्रामांत जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच अंक लिहिले जात. ९९ नंतर ०० आले की यंत्र ते १९०० समजेल, अशी भीती. बँका, विमा कंपन्या, वीज मंडळे यांचे लाखो ओळींचे जुने प्रोग्राम तपासून तारखा दुरुस्त करायच्या होत्या. हे काम अवघड कमी आणि कंटाळवाणे जास्त होते. कोबोल या जुन्या भाषेतली पाने ओळीओळीने वाचायची, जिथे तारीख सापडेल तिथे खूण करायची, बदलायचे, पुन्हा तपासायचे. अमेरिकेतल्या प्रोग्रामरांना त्यात रस नव्हता आणि तेवढी माणसेही नव्हती. भारतात इंग्रजी जाणणारे, पदवी घेतलेले, कमी पगारात तयार असलेले तरुण होते. अमेरिकेने एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० आणि पुढे २००१ ते २००३ या वर्षांसाठी १,९५,००० केली, ती याच सुमारास. ऑक्टोबर २००० मध्ये विप्रोचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले. अमळनेरची गिरणी तोवर चालूच होती.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या कामाचा साचा इथे पक्का झाला. तो बाहेरच्या माणसाला फारसा ठाऊक नसतो, म्हणून थोडे तपशिलात सांगतो.

कॉलेजातून एकदम शेकड्यांनी मुले उचलली जातात. शाखा कुठलीही चालते. मेकॅनिकलचा मुलगा आणि सिव्हिलची मुलगी, दोघांनाही काही महिने प्रशिक्षण देऊन प्रोग्रामिंगला बसवतात. ठरावीक काळाआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार अनेक ठिकाणी करून घेतात. मग एक ‘प्रोजेक्ट’ मिळते. ते मिळेपर्यंत माणूस ‘बेंच’वर असतो. पगार चालू, काम नाही आणि ग्राहकाकडून त्याच्या नावाचा एकही पैसा येत नाही. बेंच लांबली की मनात धाकधूक सुरू होते. प्रोजेक्टवर गेल्यावर दर आठवड्याला टाइमशीट भरायचे, कुठल्या कामावर किती तास. त्या तासांचे बिल ग्राहकाला डॉलरमध्ये जाते आणि माणसाला रुपयांत पगार मिळतो. या दोहोंतला फरक हाच कंपनीचा नफा.

आपण लिहितो तो प्रोग्राम नेमका कशासाठी आहे, हे पुष्कळदा पूर्ण कळत नाही. एखाद्या अमेरिकी विमा कंपनीच्या दाव्याच्या फॉर्ममधला एक रकाना, एवढेच आपल्या वाट्याला येते. वर्षअखेर मूल्यमापन. संघातले सगळे चांगले असले तरी सगळ्यांना वरची श्रेणी देता येत नाही, कारण श्रेण्यांचे प्रमाण आधीच ठरलेले असते. आठ जण जीव तोडून काम करतात आणि त्यांतल्या एखाद्याला खाली ढकलावेच लागते. ढकलणाऱ्या व्यवस्थापकालाही ते ठाऊक असते.

मालेगाव किंवा भिवंडीतल्या माणसाला हे ऐकून फार नवल वाटू नये. यंत्रमागावरचा मजूर बारा तासांची पाळी करतो. त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. माग बंद पडला, वीज गेली, तर मजुरी बुडते. कापड कुठे जाते, कोण नेसते, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याचा मुलगा इंजिनीअर होऊन हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसतो. एसी आहे, खुर्ची आहे, कानात कापसाचे तंतू जात नाहीत, महिन्याच्या महिन्याला पगार खात्यावर येतो. हा फरक फार मोठा आहे आणि तो कमी लेखणारा माणूस कधी मागावर उभा राहिलेला नसतो. पण वेळ मोजण्याची रीत बापाची आणि मुलाची एकाच घराण्यातली आहे. मुलाला ते उमगले तर नोकरीकडे तो अधिक शहाणपणाने पाहील.

दारापाशी काय होते?

आता अवघड प्रश्न. या कंपन्यांत मुसलमान म्हणून आपल्या मुलांना डावलले जाते का?

यावर दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगवेगळी. काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश निघाली. दलित नावापेक्षाही कमी. दुसरा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. दिल्ली परिसरातल्या सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी त्यांनी असाच प्रयोग केला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून भेदभावाचा पुरावा त्यांना मिळाला नाही आणि मुस्लिम नावांबाबतही तसा पुरावा मिळाला नाही.

आपल्याकडे या दोहोंपैकी सोयीचा तेवढा एक अभ्यास उचलला जातो. खरे तर दोन्ही मिळून एक चित्र उभे राहते. खासगी क्षेत्रात नावावरून दार लागते, हे खरे. सॉफ्टवेअरच्या दारावर, निदान अर्जाच्या टप्प्यावर, ते कमी लागते, हेही खरे. ग्राहक दूर आहे, माणसे भरपूर लागतात, कसब तपासता येते. पण मग तिथे आपण इतके थोडे का दिसतो? कारण चाळणी अर्जाच्या कितीतरी आधी लागलेली असते.

एक साधा नियम घ्या. मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत वर्षानुवर्षे एक अट असते. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे ६० टक्के. शिक्षणात खंड पडलेला असला तर त्यालाही मर्यादा. हा नियम कुणाच्या धर्माकडे पाहत नाही. पण दहावीच्या वर्षी संध्याकाळी मागावर किंवा गॅरेजात काम करणारा मुलगा, उर्दू माध्यमातून आल्यामुळे अकरावी सायन्सला इंग्रजीत गटांगळ्या खाणारी मुलगी, फीसाठी एक वर्ष थांबलेला विद्यार्थी, हे सगळे याच नियमात अडकतात. पुढे त्यांनी इंजिनीअरिंगला ७५ टक्के मिळवले तरी दहावीचे ५७ टक्के त्यांचा पिच्छा सोडत नाहीत. शिवाय कंपन्या सगळ्याच कॉलेजांत येत नाहीत.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. लोकसंख्येत १३.४ टक्के असलेले मुसलमान आयएएसमध्ये ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के होते. सरकारी नोकरीचे दार इतके अरुंद असताना सॉफ्टवेअर कंपनीची नोकरी ही मुस्लिम मध्यमवर्गासाठी खरोखर मोठी वाट ठरली. महाराष्ट्रात ती थोडी आधी उघडली, कारण १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. साखरसम्राटांनी कॉलेजे काढली, हे आपण नेहमी ऐकतो. पण त्याच लाटेत मुंबईत भायखळ्याला एम. एच. साबू सिद्दीक इंजिनीअरिंग कॉलेज १९८४ मध्ये सुरू झाले. ते चालवणारी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था १८७४ ची, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली. साबू सिद्दीकची तंत्रशाळा १९३६ पासून फिटर, टर्नर घडवत होती. तिने कारागिरांच्या पोरांना इंजिनीअर होण्याची वाट दाखवली. गुणगौरव समारंभात नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मीचे नाव घेतले जाते, अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला म्हणून. घ्यायला हरकत नाही. पण भायखळ्याच्या त्या तंत्रशाळेचा इतिहासही मुलांना सांगायला हवा. तो त्यांच्या जास्त उपयोगाचा आहे.

जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांतल्या मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात शिक्षणातले आरक्षण चालू ठेवायला हरकत घेतली नाही. त्यानंतर आलेल्या सरकारने अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर केले नाही आणि तो संपला. म्हणजे जिथे चाळणी लागते तिथे मदतीचा एक हात न्यायालयाने मान्य केला होता, तो राजकारणाने काढून घेतला. प्रेमजींचे नाव घेऊन ‘अडवलंय कुणी?’ असे विचारणाऱ्यांनी हा तपशील वाचावा.

ओळखपत्राच्या आत आणि बाहेर

नोकरी लागल्यावर काय? या कंपन्यांत मुस्लिम कर्मचाऱ्याचा दिवस बहुतेक वेळा इतरांसारखाच जातो. जुम्याच्या नमाजसाठी जेवणाची सुट्टी पुढे-मागे करून घेता येते. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळीच अमेरिकेचा कॉल लागतो, मग एका हातात खजूर आणि कानाला हेडफोन. सहकारी कॉल सांभाळून घेतात. ईदला डबे येतात, दिवाळीला फराळ. घरून कंपनीच्या बसने जाणे-येणे आणि फाटकावर पहारा, यामुळे ज्या घरांनी मुलींना कधी नोकरीला पाठवले नव्हते त्यांनीही इथे पाठवले. ही छोटी गोष्ट नाही.

पण फाटकाबाहेर पडल्यावर गळ्यातले ओळखपत्र पुरेसे ठरत नाही. पुण्यात नोकरी लागलेल्या मुस्लिम तरुणाला भाड्याचे घर शोधताना कंपनीचे नाव सांगितल्यावर हसून स्वागत होते आणि स्वतःचे नाव सांगितल्यावर ‘घर आधीच दिलंय’ असे कळते. २ जून २०१४ रोजी हडपसरमध्ये सोलापूरहून नोकरीसाठी आलेला एक तरुण आयटी कर्मचारी नमाजहून परतत असताना जमावाच्या मारहाणीत ठार झाला. फेसबुकवरच्या ज्या मजकुराने जमाव पेटला होता, त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख जमावाला पुरली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. त्या तरुणाने नोकरीसाठी जे जे करायला सांगितले जाते ते सगळे केले होते. शिकला होता, गाव सोडले होते, संगणकावर काम करत होता.

म्हणून ‘शिका, नोकरी मिळवा, सगळे प्रश्न सुटतील’ हा उपदेश अर्धा आहे. अर्धा असला तरी तो सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. शिक्षणाने रस्त्यावरची सुरक्षितता आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी पोलीस, न्यायालय आणि शेजारी यांच्याकडे मागणी करावी लागते आणि ती नागरिक म्हणून करावी लागते.

शिडी हलते आहे

अझीम प्रेमजींनी स्वतःला कधी ‘मुस्लिम उद्योगपती’ म्हणवून घेतले नाही. यावरून आपल्यातल्या काहींनी त्यांना बोल लावला. समाजासाठी वेगळे काय केले, असे विचारले. त्यांनी २००० नंतर आपला पैसा ज्या कामात घातला ते सरकारी शाळांचे आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण, शाळांची गुणवत्ता, बंगळुरूतले विद्यापीठ. २०१९ मध्ये विप्रोतल्या आणखी ३४ टक्के शेअरचे, म्हणजे सुमारे ५२,७५० कोटी रुपयांचे उत्पन्न त्यांनी या कामाला दिले. सरकारी शाळेत कुणाची मुले जातात? गरीब मुसलमानांची जातात, गरीब हिंदूंची जातात, आदिवासींची जातात. चाळणी जिथे लागते तिथेच हा पैसा गेला. मला यात समाजाकडे पाठ फिरवल्यासारखे काही दिसत नाही.

याचा अर्थ कंपनीत सगळे आलबेल आहे असा नाही. प्रेमजी दानशूर आहेत म्हणून विप्रोच्या नोकराने गप्प बसावे, असेही नाही. २०२२ मध्ये कंपनीने ३०० जणांना एकाच वेळी दुसरीकडेही काम करतात म्हणून काढले. २०२३ च्या सुरुवातीला, वर्षाला ६.५ लाखांची नोकरी देऊ केलेल्या नव्या पदवीधरांना ३.५ लाखांवर येता का, असे विचारले. नव्या मुलांचा पगार या उद्योगात वर्षानुवर्षे साडेतीन लाखांच्या आसपास अडकून आहे आणि त्या काळात पुण्यातले घरभाडे कुठल्या कुठे गेले. त्यातच इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असा सल्ला दिला. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. संघटना आहेत, पण दुबळ्या. स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला सॉफ्टवेअर इंजिनीअर लाजतो आणि कंपनीला ती लाज सोयीची असते. गिरणी कामगाराला निदान आपण कोण आहोत हे पक्के ठाऊक होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आता त्याच कामावर घाव घातला आहे, ज्यातून नवा मुलगा आत शिरत असे. साधा प्रोग्राम लिहिणे, चाचण्या घेणे, जुनी ओळ शोधून बदलणे. वर्ष २००० च्या वेळी हजारोंना रोजगार देणारे ते कंटाळवाणे काम आज यंत्र करू लागले आहे. खालची पायरीच काढली तर वर चढणार कुठून? ज्या समाजांची दुसरी-तिसरी पिढी या उद्योगात आहे, त्यांच्याकडे ओळखी, पैसा, परदेशातले काका आहेत. आपली बहुतेक मुले पहिल्या पिढीतली आहेत आणि ती त्याच खालच्या पायरीवर उभी आहेत.

म्हणून पुढच्या गुणगौरव समारंभात प्रेमजींचे नाव घ्यायचेच असेल, तर त्यासोबत काही साध्या गोष्टीही सांगूया. आठवी-नववीतल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना आत्ताच सांगायचे, की दहावीचे ६० टक्के नोकरीच्या दारापर्यंत मोजले जातात, म्हणून ते वर्ष मागावर किंवा दुकानात घालवू नका. उर्दू शाळांच्या संचालकांना सांगायचे, की इंग्रजी आणि गणिताचा चांगला शिक्षक नेमणे हे नव्या कमानीपेक्षा निकडीचे आहे. नोकरीला लागलेल्यांना सांगायचे, की करार वाचून सही करा, फक्त वापरायला शिकवलेल्या साधनावर थांबू नका, संघटनेची पावती फाडायला लाजू नका आणि आपल्या गावच्या दोन मुलांना मुलाखतीची तयारी करून द्या. जमातीच्या निधीतून सभागृहे बांधणाऱ्यांनी एका वर्षी ते थांबवून, शिक्षणात खंड पडण्याची वेळ आलेल्या मुलांची फी भरावी. खंड पडला नाही, तर निदान त्या एका अटीत तरी ती मुले अडकणार नाहीत.